क्लासची जाहिरात, अडकलेली फी आणि न थांबणारे फोन: तक्रार कुठे, कशी करायची

माझी भाची स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नांदेडहून पुण्याला आली, त्याआधीच एका क्लासची जाहिरात तिच्या फोनवर येऊन पोचली होती. 'खात्रीशीर निवड', फक्त चाळीस जणांची बॅच, मागे यशस्वी उमेदवारांच्या फोटोंची भिंत. ब्याण्णव हजार रुपये ॲपवरून भरले. वर्गात गेल्यावर कळलं की मुलं दोनशेच्या आसपास आहेत आणि निम्मे तास म्हणजे पडद्यावर लावलेले जुने व्हिडिओ. तीन आठवड्यांनी तिने क्लास सोडायचं ठरवलं, तर उत्तर मिळालं, "फी परत मिळत नाही, फॉर्मवर लिहिलंय तसं." त्याच आठवड्यात हॉस्टेलवाले, कर्जवाले आणि आणखी तीन क्लासवाले यांचे फोन सुरू झाले. नवं सिम घेऊन तिला जेमतेम महिना झाला होता आणि नंबर तिने घरच्यांखेरीज एकाच ठिकाणी दिला होता.

मी वकील नाही. ओळखीपाळखीच्या लोकांना तक्रारअर्ज लिहून देण्याची सवय मात्र जुनी आहे. भाचीच्या प्रकरणात फसवी जाहिरात, अडकलेले पैसे आणि इकडून तिकडे गेलेली माहिती असं सगळंच एकत्र आलं होतं. म्हणून पहिल्यांदाच तक्रार करणाऱ्यासाठी तिच्याच वाटेने सांगतो.

आधी ठरवा, तुम्हाला हवंय काय

नवखा माणूस चिडतो, रात्री बसून एक लांबलचक मेल लिहितो आणि ती मंत्र्यांपासून पोलिसांपर्यंत वीस पत्त्यांवर पाठवून देतो. मग वाट बघत बसतो. त्या वीस ठिकाणांपैकी प्रत्येकाला वाटतं की हे काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

भाचीला मी कागद घेऊन बसवलं आणि विचारलं, तुला नक्की काय पाहिजे? ती म्हणाली, "मामा, पैसे परत पाहिजेत, ती जाहिरात बंद व्हायला पाहिजे आणि हे फोन थांबायला पाहिजेत." या तीन मागण्यांची दारं तीन आहेत. पैसे मिळवून देतो तो ग्राहक आयोग. जाहिरातीवर कारवाई करतं ते केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. नको असलेल्या फोनसाठी १९०९ हा क्रमांक. माहिती कशी बाहेर गेली याचा जाब विचारायला चौथा, वेगळाच कायदा आहे, त्याच्याबद्दल पुढे बोलू. त्याच्याकडून कुणी पैशांची आशा धरू नये, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

पुरावा: ज्या दिवशी शंका आली त्याच दिवशी

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. जाहिरात आज दिसते, उद्या नसते. इन्स्टाग्रामची स्टोरी तर चोवीस तासांत जाते. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात तारीख, वेळ आणि पानाचा पत्ता दिसला पाहिजे. शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा: जाहिरातीवर बोट ठेवल्यापासून पैसे भरायच्या पानापर्यंत. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरात चालू असेपर्यंत मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणालाही बघता येते. तिथे जाहिरातदाराचं नाव टाकलं की त्याच्या सध्याच्या सगळ्या जाहिराती समोर येतात. भाचीला तिथे त्याच क्लासच्या तीन जाहिराती सापडल्या आणि तिन्हींत बॅचमधल्या जागांचा आकडा वेगवेगळा होता.

पैशांसाठी यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि पावती. पावती दिली नसेल तर तेही लिहा, कारण बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पूर्ण एक्सपोर्ट करून ठेवा, मधलेच चार मेसेज कापून घेऊ नका. समोरचा वकील पहिला बाण तिथेच मारतो.

फोनवर झालेल्या बोलण्याचं काय? माझी युक्ती साधी आहे. फोन ठेवला की लगेच मेल करायची: 'आज सकाळी साडेअकरा वाजता आपल्या कार्यालयातून मला सांगण्यात आलं की फी परत मिळणार नाही. मी चुकीचं ऐकलं असेल तर कृपया कळवा.' त्यांनी उत्तर दिलं तर उत्तमच. नाही दिलं तरी ती मेल तारखेसह तुमच्या फाइलला राहते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलमधला पुरावा छापून जोडला की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत, तो कुठल्या फोनमधून आणि कसा घेतला हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं, असा आक्षेप येऊ शकतो. ग्राहक आयोगाचं काम दिवाणी न्यायालयाइतकं काटेकोर चालत नाही, तरी आक्षेप आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो कागद आधीच तयार ठेवलेला बरा. आणि तोवर फोन विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका.

पहिली पायरी कंपनीच्याच दारात

ॲप किंवा वेबसाइटवरून काही विकणाऱ्याला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याचं नाव, संपर्क पानावर द्यावा लागतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. नाव सापडत नसेल तर 'सापडलं नाही' याचाही स्क्रीनशॉट घ्या.

पत्र एका पानाचं लिहा. काय सांगितलं होतं, काय मिळालं, किती पैसे दिले, काय हवंय, किती दिवसांत. 'तुमच्यासारख्या चोरांना' वगैरे लिहायचा मोह होतो, भाचीलाही झाला होता. पण हेच पत्र पुढे आयोगासमोर जाणार आहे. मेलबरोबर स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पोस्टाच्या वेबसाइटवर दिसणारी पोच छापून ठेवा. वकिलाची नोटीस कायद्याने बंधनकारक नाही.

महिनाभर काही हललं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फिरवा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, तक्रारीचा क्रमांक मिळतो. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती मध्ये पडून कंपनीशी बोलते. मोठ्या कंपन्या यातच मिटवून टाकतात. गल्लीतला क्लास कदाचित उत्तरही देणार नाही. तक्रार तिथे पडून असली तरी आयोगात जायची मुदत थांबत नाही, ती चालूच राहते. ती दोन वर्षांची असते, तक्रारीचं कारण घडल्यापासून. '१९१५ ला सांगितलंय ना' म्हणत दोन वर्षं काढलेला माणूस मी पाहिला आहे.

जाहिरातीचं काय

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० पासून काम करतंय. दिशाभूल करणारी जाहिरात बंद करायला लावणं, बदलायला लावणं, दंड करणं हे त्याचे अधिकार. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत शिफारस करणारा नट किंवा इन्फ्लुएन्सर यालाही दंड होतो आणि एक वर्ष, पुन्हा चुकला तर तीन वर्षं, शिफारस करायला बंदी घालता येते.

क्लासवाल्यांसाठी तर याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती काढायची वेळ का आली, हे यूपीएससीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत आहे. एकाच यशस्वी उमेदवाराचा फोटो चार क्लासच्या जाहिरातीत. त्याने एखाद्या ठिकाणी फक्त मुलाखतीच्या सरावाचा मोफत वर्ग केलेला असतो, जाहिरात मात्र अशी की तीन वर्षं तो तिथेच घासत बसला होता. आता त्याने कुठला कोर्स केला, तो किती दिवसांचा होता, पैसे भरून केला की फुकट, हे सांगावं लागतं. 'शंभर टक्के निवड' म्हणता येत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली अट: विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर लेखी संमती त्याच्या निवडीनंतर घ्यायची. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत आधीच लिहून घेतलेली चालत नाही.

त्या बारीक अक्षरांबद्दल २०२२च्या जाहिरातविषयक तत्त्वांतही तरतूद आहे. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. म्हणजे दावा मराठीत ठळक आणि अटी खाली इंग्रजीत, हा आपल्याकडे चालणारा खेळ नियमात बसत नाही. तक्रारीत हे आवर्जून लिहा.

प्राधिकरणाकडे तक्रार ऑनलाइन करता येते, आणि कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. लहान गावातल्या माणसाला हे दार जास्त जवळचं, पण वापरताना फारसं कुणी दिसत नाही. शिवाय आस्की नावाची जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था आहे, १९८५ पासूनची, मुंबईतली. तिथे तक्रार मोफत होते. त्यांनी सांगितल्यावर बरेच जाहिरातदार जाहिरात मागे घेतात, पण ती सरकारी यंत्रणा नाही आणि पैसे मिळवून देत नाही. प्राधिकरणही सगळ्या ग्राहकांच्या हितासाठी बसलेलं आहे, तुमच्या एकट्याची भरपाई करून देण्यासाठी नाही.

जाहिरात औषधाची असेल तर अन्न व औषध प्रशासन, घराची असेल तर महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. घराच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असायलाच हवा. तो नसेल तर तक्रारीला तेवढं एक कारणही पुरतं.

फोन आणि मेसेज

यासाठी १९०९, किंवा ट्रायचं (दूरसंचार नियामकाचं) डीएनडी, म्हणजे 'त्रास देऊ नका' यादीचं ॲप. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी विकायला लागला तर तिथेच नियम मोडला. अशा नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडीमध्ये नाव घातलेलं असायची गरज आता उरलेली नाही. मुदत मात्र फोन आल्यापासून सात दिवस. म्हणून 'जमवून एकदम करू' असं करू नका, फोन ठेवला की लगेच नोंदवा. भाचीने दोन आठवड्यांत अकरा तक्रारी केल्या. फोन एका दिवसात थांबले नाहीत, हळूहळू कमी झाले.

कुणी पैसेच काढून घेतले असतील तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. तिथे मिनिटांना किंमत आहे.

माहिती गेली, त्याचा जाब

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सावकाश. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, २०२३चा. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. अधिसूचनेप्रमाणे माहिती संरक्षण मंडळाबाबतच्या (या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाबाबतच्या) तरतुदी लगेच लागू झाल्या, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं आणि आपले हक्क अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. म्हणून 'नवीन कायद्याने अडीचशे कोटींचा दंड होईल' असं क्लासवाल्याला आज सुनावण्यात अर्थ नाही. त्याचा वकील हसेल.

कायदा पूर्ण लागू झाल्यावर काय मिळेल? माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते सांगा, चुकीची असेल तर दुरुस्त करा, काम संपलं असेल तर पुसा, असं मागता येईल. दिलेली संमती देताना जितकी सोपी होती तितक्याच सोप्या रीतीने काढून घेता येईल. संमती मागणारी सूचना मराठीतही मागता येईल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत ती उपलब्ध ठेवायची आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळणी झालेली संमती लागेल, त्यामुळे अकरावी-बारावीच्या क्लासना बराच बदल करावा लागणार आहे. तक्रार आधी कंपनीकडे, मग मंडळाकडे, अशी पायरी आहे. आणि दंड? २५० कोटींपर्यंतचा आकडा खरा, पण तो सगळा भारताच्या संचित निधीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला त्यातून एक रुपया मिळत नाही. उलट खोटी तक्रार केली तर त्याच्यावरच दहा हजारांपर्यंत दंड बसू शकतो. मला हे पटलेलं नाही, पण कायदा असा आहे.

मग तोवर करायचं काय? ग्राहक कायद्याकडे वळायचं. २०१९च्या त्याच कायद्यात, अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत शेवटी एक कलम आहे: ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं. म्हणजे नंबर पुढे दिल्याची तक्रार तुम्हाला पैशांच्या तक्रारीतच घालता येते, आणि तिच्यासाठी भरपाईही मागता येते. ई-कॉमर्स नियमांत आणखी एक गोष्ट आहे: खरेदीसाठीची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेतलेली चालत नाही. भाचीच्या फॉर्ममध्ये 'आमच्या भागीदारांकडून माहिती मिळावी' या ओळीपुढे आधीपासूनच बरोबरची खूण होती. तो स्क्रीनशॉट आम्ही जोडपत्रांत सगळ्यात वर लावला.

अवघड भाग म्हणजे नंबर त्यांनीच दिला हे दाखवणं. फोन करणाऱ्याला गोडीत विचारा, "माझा नंबर कुठून मिळाला?" बरेच जण सरळ सांगून टाकतात. दुसरी युक्ती आधीपासून करायची: फॉर्म भरताना नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त घाला. त्याच स्पेलिंगने दुसऱ्याचा मेसेज आला की उगम कळतो.

आयोगात

प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. जुने लोक अजून 'मंच' म्हणतात, तेच ते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथे. इथे रक्कम म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत. भरपाई कितीची मागता याच्याशी तिचा संबंध नाही. पाच लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असं नाही, आणि तक्रार मराठीत लिहिता येते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, हा २०१९च्या कायद्याने केलेला मोठा उपकार. क्लास पुण्याचा असला तरी भाची नांदेडला परत गेली असती तर तिथूनही दाखल झाली असती.

क्लासच्या बाबतीत एक शंका हमखास निघते: शिक्षण ही 'सेवा' आहे का? महाविद्यालयं आणि विद्यापीठं यांच्याविरुद्धच्या तक्रारी या मुद्द्यावर अडकतात. पण खासगी क्लास त्यांच्यात मोडत नाहीत, ते ग्राहक कायद्याखाली येतात, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तक्रारीत ही ओळ आधीच घाला.

आता 'फी परत मिळणार नाही' ही अट. ती एकतर्फी आहे म्हणून रद्द करा, अशी 'अनुचित करारा'ची मागणी जिल्हा आयोगात करता येत नाही, तिच्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून जिल्ह्यात लिहिताना भर द्यायचा तो सेवेतल्या त्रुटीवर आणि अनुचित व्यापारी प्रथेवर: चाळीस सांगून दोनशे बसवले, शिक्षक सांगून व्हिडिओ लावले. 'अनुचित करार' की 'अनुचित प्रथा', या एका शब्दाच्या घोळात तक्रार फिरून परत येऊ शकते.

दाखल करण्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. खातं उघडा, पीडीएफ चढवा. लागतं ते असं: तारखांच्या क्रमाने लिहिलेली तक्रार, जोडपत्रांची क्रमांक घातलेली यादी, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र आणि कंपनीचा नीट पत्ता. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि नोंदणीचं नाव बरेचदा वेगळं असतं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की खरं नाव निघतं. मागण्या चार लिहा: मूळ रक्कम, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. ब्याण्णव हजारांसाठी दहा लाखांचा मानसिक त्रास मागू नका. मागायला बंदी नाही, पण वाचणाऱ्याचं मत पहिल्याच पानावर बनतं.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर उत्तर घेतलं जात नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये तसं ठरवून टाकलं आहे. तक्रार तीन महिन्यांत निकाली निघावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. दर तारखेला जाणं जमत नसेल तर व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज करता येतो.

भाचीची तक्रार निकालापर्यंत गेलीच नाही. नोटीस पोचल्यावर पंधरवड्यात क्लासमधून फोन आला, सूर एकदम बदललेला. तीन आठवड्यांची फी कापून बाकीची देतो, तुम्ही तक्रार मागे घ्या. आम्ही मान्य केलं. त्यांनी एक कागद पुढे केला, 'सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार उरलेली नाही' असा, आणि पैसे सोमवारी टाकतो म्हणाले. असा कागद पुढे आला तर सही सोमवारीच करायची, बँकेचा मेसेज वाचून झाल्यावर. आणि 'कोणतीही तक्रार' या शब्दांच्या जागी 'फीबाबतची तक्रार' असं लिहून घ्यायचं, कारण फोन तेव्हाही अधूनमधून येतच होते.